इब्राहिम रोजा

विजापुराहून परतलेल्या मंडळींस आम्ही एक प्रश्न नेहमीं विचारतों: "रोजा पाहिलात काय?" बहुधा उत्तर येतें तें गोलघुमटाचें. घुमटांत टाळी वाजविली, ती फिरून फिरून ऐकूं आली, मुलांनीं घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकल्या, आणि तोंच सोलापुरची गाडी गांठण्याची वेळ झाली! घुमट थोर आहे यांत शंका नाहीं. आंतून १२४ फूट व्यासाचा तो गोल एकमेकींत गुंतलेल्या कमानींवर तोलून धरणाऱ्या कारागिरांस कोणींही हात जोडावे. परंतु ही कबर १६५६ सालीं निवर्तलेल्या महंमद आदिलशहाची. त्याच्या बापाची, म्हणजे दुसऱ्या इब्राहिमाची, कबर पाहिल्यावांचून विजापूर पाहिलें असें आम्ही तरी म्हणणार नाहीं.

शहराच्या पश्चिम तटाबाहेर, भिंतींनीं वेढलेल्या आवारांत, एकाच लांबरुंद चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर आहेत. पूर्वेस कबर, पश्चिमेस मशीद, मध्यें हौद व कारंजें. दोहोंचा तोंडवळा सख्ख्या बहिणींसारखा. राणी ताज सुलताना हिच्यासाठीं ही जागा प्रथम योजिली होती असें सांगतात. अखेरीस राजा, राणी, राजमाता आणि मुलें अशीं सारीं एका छताखालीं आलीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटूं नये.

नवल आहे तें त्या छताचेंच. कबरीची खोली सुमारें ४० फूट चौरस. छत कडेनें थोडें वळत वर येतें आणि मध्यें सुमारें २४ फूट चौरस भाग अगदीं सपाट राहतो. त्याखालीं खांब नाहीं, तुळई नाहीं, कमानही नाहीं. दगडी फरशा कडेस कड भिडवून बसविल्या आहेत, आणि केवळ चुन्याच्या चिवटपणावर त्या जवळजवळ चारशें वर्षें तशाच राहिल्या आहेत. आमच्या परिचयाचीं कित्येक नवीं घरें चौथ्या पावसाळ्यांत गळूं लागतात, तें येथें सहज आठवतें.

खिडक्यांस जाळी आहे, पण ती वेलबुट्टीची नव्हे, अक्षरांची. दगडी फरशीवर अरबी वचनें लिहून अक्षरांमधील जागा आरपार कोरून काढली आहे. त्या फटींतून उजेड आंत झिरपतो. मशिदीच्या छज्जाखालीं अखंड दगडांतून कोरलेल्या साखळ्या लोंबतात. कडींत कडी, आणि सांधा कोठेंच नाहीं. दाराजवळच्या लेखांत बांधणाऱ्या मलिक संदलाचें नांव आहे आणि खर्चाचा आंकडाही आहे: १,५०,९०० होन. वरचे नऊशेंही न विसरणारा हा कारभारी आम्हांस फार आवडला.

हा राजा १५८० सालीं गादीवर आला तेव्हां अवघा नऊ वर्षांचा होता. त्याची चुलती चांदबिबी कारभार पाही. पुढें त्यानें 'किताब-इ-नवरस' या नांवाचीं दखनी पदें रचिलीं. त्यांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. लोक त्यास 'जगद्गुरु' म्हणत. त्याच्या अखेरच्या वर्षांत शहाजीराजे त्याच्या चाकरींत होते. आमच्या मुलांस मात्र विजापूर ठाऊक असतें तें १६५९ च्या अफझलखानापुरतें! तो इतिहास खोटा नव्हे. पण एका शहराची सगळी ओळख एका सरदारावर संपवावी हें शिकलेल्या घरांस शोभत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक टोंचणारी. ज्या भिंतींवर कारागिरांनीं छिन्नीनें अक्षरें फुलविलीं, तेथेंच आपलें नांव खिळ्यानें ओरखडणारे प्रवासी आहेत, आणि त्यांत देवनागरी लिहिणारे थोडे नसावेत! दख्खनी सुलतानांच्या वास्तू २०१४ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेल्या. पण पुराणवस्तु खात्याचा पहारेकरी प्रत्येक खांबाशीं उभा राहूं शकत नाहीं. सहलीस निघण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांचे खिसे एकदां तपासावे.

आमची सूचना इतकीच. घुमट सकाळीं पाहावा आणि तिसऱ्या प्रहरीं रोज्याकडे वळावें. उतरतें ऊन तेव्हां कबरीच्या पश्चिम दर्शनी भागावर येतें व कोरीव काम ठळक उठून दिसतें. मुलांचे घसे तोंवर बसलेले असतात, तेंही एका परी बरेंच.