विश्लेषण : जुन्या पिकअपला जादा पाटा टाकला की वजन पेलण्याची क्षमता खरेच वाढते का?

भातकापणी उरकली की किन्हवली, सरळगाव, मुरबाड पट्ट्यातील पिकअप गाड्यांना उसंत नसते. आधी पावळी आणि गवत, मग विटा, भाजीपाला, आणि उन्हाळा लागला की पाण्याच्या टाक्या. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात असली तरी इथल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही सगळी वाहतूक करणाऱ्या गाड्यांमध्ये जुन्या गाड्या बऱ्याच आहेत. गाडी मागून बसू लागली की मालक ती गॅरेजला नेतो आणि ‘एक पाटा वाढवून द्या’ म्हणतो. गाडी पुन्हा ताठ उभी राहते. पण तिची क्षमता खरेच वाढलेली असते का?

पाटा वाढवल्याने नेमके काय होते?

पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते. ओझे पडले की ती दबते, ओझे उतरले की पूर्ववत होते. सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि आठवा टाकला, तर कमानीचा ताठपणा साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. जाडी वाढवली तर फरक फार मोठा पडतो. पाटा दुप्पट जाड केला तर तो आठपट ताठ होतो. म्हणून जाड पाटा टाकलेली गाडी रिकामी असताना खड्ड्याखड्ड्यांत उडते.

यातून वाढतो तो फक्त कमानीचा ताठपणा. ॲक्सल, चासी, बेअरिंग, टायर आणि ब्रेक कंपनीने दिले तेवढ्याच ताकदीचे राहतात. गाडी बसणे ही खरे तर सूचना असते. पाटा वाढवून आपण ती सूचना बंद करतो, ओझे तसेच राहते.

ब्रेकचा आणि पाट्याचा संबंध काय?

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा भाग हाच आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ ‘लोड सेन्सिंग व्हॉल्व’ असतो. चासी आणि ॲक्सल यांच्यातील अंतरावरून तो गाडी भरलेली आहे की रिकामी, हे ओळखतो. गाडी दबली तर मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, रिकामी असेल तर चाके घसरू नयेत म्हणून कमी देतो.

जादा पाटा टाकल्यावर भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्वला ती अर्धी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे वजन वाढलेले आणि ब्रेक घटलेला. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना मात्र पुढच्या ब्रेकवर सगळा ताण येतो, ते तापतात आणि पकड सुटू लागते. त्यामुळे पाट्यांमध्ये कोणताही बदल केला की कंपनीच्या मापाप्रमाणे हा व्हॉल्व पुन्हा जुळवून घेणे आवश्यक आहे.

गाडीची खरी क्षमता कशी काढायची?

आरसीवर दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. उदाहरणार्थ, ती १,६०० आणि २,७०० किलो असतील तर फरक १,१०० किलोचा. रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. त्यांचे १३० किलो वजा केले की मालासाठी ९७० किलो उरतात.

आता पाणी बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची भरलेली टाकी, टाकीचे स्वतःचे वजन धरून, या गाडीला जड होते. दोन हजार लिटरची टाकी ठेवली तर एकूण वजन पावणेचार टनांवर जाते, म्हणजे मर्यादेपेक्षा जवळपास ४० टक्के जास्त. त्याच वेगातून थांबताना ब्रेकना तेवढीच जास्त ऊर्जा जिरवावी लागते. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडीला बाहेर ढकलते. टाकीत आडवे कप्पे असतील तर हा धोका कमी होतो.

मागे ट्रॉली किंवा यंत्र जोडले तर?

मळणी यंत्र, जनरेटर किंवा कॉम्प्रेसर ओढताना हिशोब आणखी बदलतो. ओढायच्या ट्रॉलीच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हुकावर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो फार कमी असेल तर ट्रॉली मागे डुलू लागते.

हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असल्याने तिथे तरफेचा नियम लागू होतो. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि हूक ॲक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर हुकावरील १०० किलोमुळे मागच्या ॲक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके होते, हेडलाइट वर जातात आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. पाटा वाढवून गाडीचा मागचा भाग उचलला, तरी पुढून कमी झालेले वजन परत येत नाही. हूक बंपरला नव्हे, चासीला बसवलेला हवा. सोबत सुरक्षा साखळी आणि ट्रॉलीचे चालू दिवेही हवेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. झिजलेले पाटे त्याच प्रकारच्या नव्या पाट्यांनी बदलणे ही मात्र दुरुस्ती आहे.

जादा वजनासाठी कलम १९४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनधारकाकडूनच घेतला जातो. गवत-पावळीच्या गाड्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वजन मर्यादेत असले तरी माल बाजूला, मागे किंवा उंचीला नियमापेक्षा बाहेर आला तर वेगळा २० हजारांचा दंड आहे. कितीही पाटे टाकले तरी आरसीवरील वजन बदलत नाही आणि वजनकाट्यावर आरसीच बघितली जाते.

मग जुन्या गाडीचे काय करावे?

बहुतेक वेळा गाडी बसते, कारण जुन्या पाट्यांची कमान सपाट झालेली असते किंवा एखादा पाटा तुटलेला असतो. तेव्हा कंपनीच्या मापाचा पूर्ण संच दोन्ही बाजूंना एकदम बसवावा. बुश, शॅकल पिन आणि यू-बोल्ट नवे घ्यावेत, काही दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा आवळावेत. शॉकअप वजन पेलत नाहीत, पण उसळी आवरतात, म्हणून गळके शॉकअप बदलावेत. टायरवरील भारक्षमतेचा आकडा तपासावा. पाटे चासीला जिथे जोडलेले असतात तिथे तडे आहेत का, ते धुऊन पाहावे. मर्यादेतच, पण रोज पूर्ण भार नेणाऱ्या गाडीला हेल्पर पाटा उपयोगी पडू शकतो. तो ओझे आल्यावरच काम करतो. मात्र तो कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेला असावा.

प्रश्न पैशांचा आहे, हे नाकारता येत नाही. भाडे खेपेवर मिळते, त्यामुळे एका खेपेत जास्त माल नेण्याचा मोह होतो. मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी नवी पिकअप लाखांच्या घरातच आहे. म्हणून जुनी गाडी जपणे शहाणपणाचेच. पण पाटा टाकण्याआधी एकदा नेहमीच्या मालासह गाडी वजनकाट्यावर चढवावी आणि पावती आरसीशी ताडून पाहावी. आकडा मर्यादेत असेल तर दुरुस्ती पुरे. मर्यादेबाहेर असेल तर त्यावर पाटा हा इलाज नाही. दोन खेपा कराव्यात किंवा मोठी गाडी बोलवावी.