गौळणीचा संकेत आणि गिरणगाव

तमाशातील गौळणीचा संकेत सर्वपरिचित आहे. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींना कृष्ण व पेंद्या अडवितात. शृंगार कामाची वाट रोखतो आणि त्यातून विनोद निर्माण होतो. लाल बावटा कलापथकाच्या लोकनाट्यांतून अण्णाभाऊ साठे यांनी ही गौळण वगळली. त्यामागे केवळ वैचारिक सोवळेपण पाहणे अपुरे होय. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचे कुटुंब बहुधा कोकणात वा घाटावर असे; त्याच्या जीवनात कामच शृंगाराची वाट रोखीत होते. विनोद पुढाऱ्यांकडे वळला, शृंगार विरहाकडे. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील ‘माझी मैना’ ही छक्कड याची साक्ष देते. तिच्या उत्तरार्धास निव्वळ प्रचार ठरविणारी समीक्षा, विरहाचा पारंपरिक संकेतच तेथे ताटातूट झालेल्या मराठी मुलखापर्यंत विस्तारला आहे, हे दृष्टिआड करते.