कॅमेरा, छापखाना आणि मधला लॅपटॉप

जून महिना लागला, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले आणि आषाढी वारीचे वेध लागले, की छायाचित्रणाचा अथवा चित्रफितींच्या संकलनाचा नाद असलेल्या तरुण मंडळींत एक जुनाच वाद नव्या आवेशाने उभा राहतो: गावोगाव घेऊन हिंडता येईल आणि ज्यावर फोटो, चित्रफिती व ध्वनी यांचे काम निगुतीने उरकता येईल असा लॅपटॉप घ्यावयाचा, तर तो विंडोजचा घ्यावा, ॲपलचा मॅक घ्यावा, की त्यात लिनक्स घालून कोणाचेच मिंधे राहू नये? या वादात जो तो आपल्या प्रणालीची कैफियत वकिलाच्या तडफेने मांडतो. कोणी पडद्याच्या रंगांची ग्वाही देतो, कोणी किमतीचा ताळेबंद पुढे करतो, कोणी मुक्त संगणकाच्या तत्त्वाची आण घालतो, आणि ऐकणारा बापडा ज्याचा आवाज चढा त्याच्या सांगण्यावरून वडिलांचे ऐंशी-नव्वद हजार रुपये खर्ची टाकून मोकळा होतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा असून तो सर्वांत आधी विचारला जातो, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. संकलकाच्या यंत्राच्या एका अंगाला कॅमेरा असतो आणि दुसऱ्या अंगाला छापखाना, अल्बमवाला, वृत्तपत्राची कचेरी किंवा चित्रपटगृह असते. या दोन अंगांनी काय येणार आणि काय मागितले जाणार, हे ठरल्यावाचून मधल्या यंत्रावर कोणती प्रणाली असावी हे ठरविणे ही निवड नव्हे, ती निव्वळ आवड होय.

प्रथम कॅमेऱ्याचे पाहू, कारण लोकांची सर्वाधिक फसगत तेथेच होते. चित्रफीत कार्डावर मावावी म्हणून कॅमेरा ती आवळून लिहितो. अधूनमधून एखादी चौकट संपूर्ण लिहावयाची आणि मधल्या चौकटींत मागच्यापेक्षा काय बदलले एवढीच नोंद ठेवावयाची, या रीतीने २००३ सालचा एच.२६४ आणि २०१३ सालचा एचईव्हीसी हे दोन्ही प्रकार चालतात. यामुळे जागा वाचते खरी, परंतु संकलकाने टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या चौकटीवर बोट ठेवले, की त्या क्षणी ती चौकट मागच्या-पुढच्या नोंदींवरून नव्याने उभी करण्याचे दायित्व लॅपटॉपवर येते, आणि हे काम सामान्य प्रक्रियकाच्या गळ्यात न बांधता त्यासाठीच घडविलेल्या स्वतंत्र मंडलाने केले तरच चित्र अडखळल्यावाचून चालते. आता २०२० नंतरच्या कित्येक चांगल्या कॅमेऱ्यांतून, उदाहरणार्थ सोनीच्या त्या साली आलेल्या ए७एस-३ मधून, दहा बिटांचे आणि चार-दोन-दोन या प्रमाणात रंग राखणारे एचईव्हीसी चित्रण मिळते. रंगसंस्काराला ते उत्तम, पण उलगडण्यास अवघड. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या ॲपलच्या एम१ चिपमध्ये ते उलगडण्याची सोय होती, इंटेलच्या लॅपटॉपांतील अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत चित्रमंडलातही होती. परंतु ज्या एनव्हिडियाच्या कार्डासाठी माणसे हौसेने जादा पैसे मोजतात, त्या कार्डांत ही सोय २०२५ सालच्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. परिणामी एएमडीचा प्रक्रियक आणि एनव्हिडियाचे जुने, पण महागडे कार्ड अशी जोडी असलेला दीड लाखांचा यंत्रराज त्या चित्रफितीपुढे हतबल होतो आणि बिनकार्डाचा, साधा दिसणारा इंटेलचा लॅपटॉप ती निमूटपणे चालवून दाखवितो. यात विंडोज वाईट किंवा मॅक थोर असा निवाडा नाही. कॅमेऱ्याने काय लिहिले आणि चिपला काय वाचता येते, एवढाच मामला आहे. जुन्या यंत्रावर हलक्या प्रती, म्हणजे ज्यांना व्यवसायात प्रॉक्सी म्हणतात त्या, करून काम रेटता येते. पण त्या करण्यात वेळ जातो, आणि प्रवासातल्या माणसापाशी नेमका तोच नसतो.

प्रवासाचे नाव काढले म्हणून वारीचेच उदाहरण घेतो. माउलींच्या पालखीबरोबर चालणारे फोटोग्राफर आणि लघुपट करणारी मंडळी लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस अशा मुक्कामांवर, कोठे तंबूत तर कोठे शाळेच्या पडवीत, दिवसभराचे चित्रण उतरवून रात्रीतून संकलित करतात. तेथे विजेचा भरवसा नसतो, आणि वीज असलीच तर तिच्या एका खटक्यावर दहा मोबाइल आधीच टांगलेले असतात. अशा ठिकाणी विद्युत्घट किती पुरतो हाच पहिला गुण ठरतो. विमानात विनापरवाना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, त्यामुळे लॅपटॉपांच्या बॅटऱ्या सहसा त्या पलीकडे जात नाहीत. जे यंत्र रेंडर करताना १०० वॅट ओढते ते या हिशेबाने तासाभरात माना टाकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. शिवाय मोठे चित्रकार्ड असलेले बहुतेक लॅपटॉप चार्जर काढताच आपला वेग आपण होऊन आखडता घेतात, आणि त्यांचे चार्जर तर असे असतात की त्यांच्यासाठी खांद्यावरच्या पिशवीत वेगळा कप्पा करावा. ॲपलच्या नव्या यंत्रांना चार्जर लावला काय नि काढला काय, वेगात फारसा फरक पडत नाही. मॅकबुक एअरला तर पंखाही नाही, म्हणून धूळ ओढली जात नाही आणि शेजारी निजलेल्या वारकऱ्याची झोपही मोडत नाही. एकट्याने हिंडणाऱ्या, काम संपवून थेट जगाला दाखविणाऱ्या, कोणाच्याही कचेरीशी बांधला न गेलेल्या संकलकाने आज मॅक घ्यावा, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. ज्याला रात्री वृत्तपत्राला चार फोटो तेवढे पाठवावयाचे आहेत त्याने मात्र या वादात पडूच नये. त्याचे काम कोणत्याही प्रणालीवर होते.

मॅकची गोम साठवणीत आहे. त्याची स्मृती विकत घेतल्यानंतर वाढविता येत नाही आणि लॅपटॉपातली साठवणही खरेदीच्या वेळी जेवढी घ्याल तेवढीच. आणि प्रत्येक पायरीला ॲपल जो दर लावते तो पाहून जुन्या काळच्या सावकारानेही जीभ चावली असती. १०० मेगाबिट वेगाच्या चित्रणाला ताशी ४५ जीबी लागतात हे मान्य होण्यासारखे आहे. पण तेच चित्रण ॲपलच्याच प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात, ४के आकारात, सेकंदाला २५ चौकटींनी ठेवू म्हटले तर एका तासाला सव्वातीनशे जीबीहून अधिक जागा जाते, आणि २५६ जीबीचा मॅक घेतलेल्या गृहस्थाला एक तासही पदरात पडत नाही. विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क बदलण्याची मुभा असते, आणि ती बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो. या गोष्टीला शहरातले समीक्षक देतात त्याहून अधिक मोल आहे.

परंतु महाराष्ट्रात विंडोजचा खरा आधार दुसऱ्या अंगाला, म्हणजे काम घेणाऱ्यांकडे आहे. लग्नाच्या चित्रफितींचे ‘मिक्सिंग’ करणाऱ्या कित्येक दुकानांची वहिवाट वर्षानुवर्षे एडियस या संकलनाच्या साधनावर चालत आली आहे, आणि एडियस विंडोजखेरीज कोठेही चालत नाही. दिवसा चित्रण करून रात्री अर्धवट प्रकल्प अशा दुकानात सुपूर्द करणाऱ्या होतकरू मुलाने मॅक घेतला तर त्याचे यंत्र उत्तम आणि व्यवहार खुंटलेला अशी अवस्था होते. करिझ्मा अल्बमची गोष्ट निराळी; त्याची पाने फोटोशॉपमध्ये होतात, प्रयोगशाळेला तयार चित्रे लागतात, तेथे प्रणाली कोणी विचारीत नाही. फ्लेक्सवाला आणि पत्रिकांचा छापखाना मात्र कोरलड्रॉची फाइल मागतो, तीही जुन्या आवृत्तीत उतरवून, आणि अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांची नुसती चित्रे बनवून; त्यानंतर वधूपित्याच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याची सोय उरत नाही. कोरलड्रॉची मॅकसाठीची आवृत्ती २०१९ साली पुन्हा निघाली, तरी गावोगावच्या छापखान्यांचे दप्तर विंडोजवरच राहिले. त्यात मराठी मजकुराची भर. युनिकोड देवनागरी आज तिन्ही प्रणालींत चालते आणि इनस्क्रिप्टचा कळफलकही तिन्हींत असतो, पण छापखान्यांतला जुना मजकूर श्री-लिपीसारख्या व्यवस्थेतल्या विशिष्ट फाँटांत अडकलेला असतो, आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की स्वस्तिश्रीपासून नम्र विनंतीपर्यंत सगळ्याची निरर्थक चिन्हे होतात. फोटोशॉपमध्येही बरीच वर्षे जोडाक्षरे नीट जुळण्यासाठी दक्षिण आशियाई लिपींची सोय मुद्दाम चालू करावी लागे, आणि ती कोठे आहे हे ठाऊक नसल्याने मोडक्या जोडाक्षरांचे कितीतरी फलक आपल्या चौकाचौकांतून झळकले. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी राहून छापखान्यांशी रोजचा व्यवहार करणाऱ्याने विंडोज घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

देवाणघेवाणीत डिस्कही आडवी येते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकला वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मॅकच्या एपीएफएस पद्धतीची डिस्क विंडोज जादा साधनावाचून ओळखतच नाही. मध्यस्थ म्हणून एक्सफॅट उपयोगी पडते, तिला लिनक्सनेही २०१९ साली आपल्या गाभ्यात जागा दिली. परंतु ती अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंदवही ठेवीत नाही, तेव्हा घाईत केबल उपसली तर तीत हानीचे भय अधिक.

या सर्वांपेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न कोणी विचारीत नाही: आज केलेले काम दहा वर्षांनी उघडेल काय? ॲपलने २०११ साली फायनल कट प्रोचा नवा अवतार काढला तेव्हा त्यात जुन्या सातव्या आवृत्तीतले प्रकल्प उघडत नव्हते, आणि व्यावसायिक संकलकांत संतापाची लाट उसळली. ॲपर्चर हे छायाचित्रांचे साधन २००५ साली आले, २०१४ साली त्याचा विकास थांबल्याचे जाहीर झाले आणि मॅकच्या प्रणालीच्या २०१९ सालच्या कॅटलिना आवृत्तीपासून ते चालेनासे झाले. ॲडोबीने २०१३ साली आपली साधने कायमची विकणे सोडून वर्गणीची कबुलायत लादली, तेव्हापासून त्यांवर राबणाऱ्याची स्थिती जमीन स्वतः कसूनही सातबारा परक्याच्या नावे असलेल्या कुळासारखी झाली आहे. उलट, बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ हा चित्रपट संकलक यांग जिन-मो यांनी त्याच जुन्या, टाकून दिलेल्या फायनल कट प्रो ७ वर जोडला. २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि संकलनाचे नामांकनही. जुन्या साधनासाठी जुनेच यंत्र आणि जुनीच प्रणाली जपून ठेवावी लागते, पण जपणाऱ्याचे काही बिघडत नाही. प्रत्येक नव्या फर्मानाबरोबर प्रणाली बदलणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे, आणि मोठे काम अर्ध्यावर असताना अद्ययावतीकरणाच्या बटणाला हात लावू नये.

या पराधीनतेतून सोडवणूक हवी तर तिन्ही प्रणालींवर चालणारी साधने आधी शिकावीत. दा विंची रिझॉल्व्ह हे त्यांतले प्रमुख; २००९ साली ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते विकत घेतले आणि त्याची मोफत आवृत्तीही एखाद्या लघुपटाला पुरून उरेल अशी आहे. ब्लेंडर २००२ पासून सर्वांना खुले आहे; २०२५ साली ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविणारा लात्वियाचा ‘फ्लो’ त्यावरच घडला. केडेनलाइव्ह, क्रिटा, डार्कटेबल हीही अशीच बिनमालकीची. ज्याचा हात या साधनांवर बसला, त्याला लॅपटॉप बदलताना कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

मग लिनक्सच का नको, असे विचारले जाईल, आणि तत्त्वतः माझे मन तिकडेच झुकते. पिक्सार, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, न्यूझीलंडचे वेटा, या दृश्यपरिणामांच्या मातब्बर संस्था लिनक्सवरच चालतात; पण त्यांच्या पदरी अभियंत्यांचा ताफा असतो, आणि माळशिरसच्या तंबूत तो नसतो. ॲडोबीची साधने लिनक्सवर येत नाहीत. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ चे चित्रण थेट उघडत नाही, आणि विकतच्या आवृत्तीतही मोबाइलच्या चित्रफितींत सर्रास असणाऱ्या एएसी ध्वनीची अडचण अनेक वर्षे टिकून राहिली, म्हणजे चित्र दिसावे आणि कीर्तन ऐकू येऊ नये. रूपांतर करून मार्ग निघतो. एकुलत्या एक यंत्रावर, मुदतीच्या आदल्या रात्री, तो मार्ग मी कोणाला सुचविणार नाही.

दुसऱ्या यंत्रावर मात्र अवश्य सुचवीन. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुसंख्य लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते घरोघर धडधाकट अवस्थेत पडून आहेत आणि भंगाराच्या भावाने मागितले जात आहेत. त्यांपैकी एखाद्यावर लिनक्स घालून तो पिशवीत ठेवावा, आणि मुख्य यंत्र संकलनात गुंतले असताना दिवसभराची कार्डे त्यावर उतरवून दोन वेगळ्या डिस्कांवर त्यांच्या प्रती कराव्यात, त्या मूळ कार्डांशी ताडून पाहाव्यात, आणि मगच सकाळी कार्डे पुसून कॅमेऱ्यात घालावीत.