गुडघे कोणामुळे झिजतात?

सकाळी सातच्या सुमारास दिवा किंवा कळवा स्थानकाच्या पुलावर घटकाभर उभे राहावे. ठाण्याच्या सोसायट्यांत धुण्याभांड्यासाठी निघालेल्या स्त्रियांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकजणी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत उतरताना दिसतात. त्यांतली एखादी दवाखान्यात गेलीच, तर तिला उपदेश ऐकावा लागतो: बाई, वजन कमी करा, व्यायाम करा, जिने टाळा. हातावर चार गोळ्या पडतात आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते.

हा उपदेश खोटा नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. डॉक्टरांचा प्रत्येक शब्द भांडवलशाहीचा कावा ठरविण्याची आपल्यातील काहींची सवय येथे उपयोगाची नाही. सांध्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने सांध्यातील वंगण तिच्यात झिरपते आणि त्यावर तिचे पोषण होते. दुखते म्हणून माणूस बसून राहिला की मांडीचे स्नायू रोडावतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर पडतो. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. तेथीलच २०१३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात आहार आणि व्यायाम या दोहोंची अठरा महिने जोड दिलेल्या रुग्णांच्या वेदना जवळपास निम्म्यावर आल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली नव्याने लिहिली गेली. त्यांत या विकाराच्या प्रत्येक रुग्णाला व्यायामोपचार द्यावा, पॅरासिटामॉल मात्र नेमाने देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. थोडक्यात, व्यायाम हा येथे औषधाच्या जोडीचा पथ्याचा भाग नसून तेच मुख्य औषध आहे.

मग आमचा प्रश्न साधा आहे. मुख्य औषध जर हेच असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून मिळते, पण खिडकीवर का मिळत नाही? डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चाललेल्या कार्यक्रमात रुग्णाला माहितीची दोन सत्रे आणि जाणकाराच्या देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रे मिळतात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, पाय ताठ ठेवून उचलणे, एका पायरीवर चढउतार करणे. साहित्य काय, तर खुर्ची, पायरी आणि रबरी पट्टा. लागतो तो शिकविणारा माणूस. सुरुवातीला थोडे दुखेल, त्याने सांधा बिघडत नाही, हा धीर देणारा माणूस. तो नसेल तर तिसऱ्या दिवशी व्यायाम सुटतो आणि वर आळशी म्हणून शिक्का बसतो.

आमचे सरकार पैसा कोठे घालते? २०१७ साली गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली. ते योग्यच झाले, आणि ज्यांचा सांधा पुरता निकामी झाला त्यांना शस्त्रक्रिया मिळालीच पाहिजे. २०१८ च्या आयुष्मान योजनेत ही शस्त्रक्रिया बसते. बाह्यरुग्ण विभागातील उपचार मात्र बसत नाही. राज्याच्या २०२४ च्या वयोश्री योजनेत पासष्टीनंतर तीन हजार रुपये मिळतात, त्यांतून गुडघ्याचा पट्टा घ्यावा. म्हणजे सांधा कापावयाच्या अवस्थेला पोचेपर्यंत शासन पट्टा बांधून वाट पाहावयास सांगते! ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात २०१०-११ पासून जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची तरतूद आहे खरी. पण आठवड्यातून दोनदा कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या बाईचे दोन खाडे कोण भरून देणार?

आणि वजनाविषयी. स्वस्त धान्य दुकानात गहू-तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, अंडी, फळे बाजारभावाने घ्यावी लागतात. चार घरची कामे उरकताना दुपारी वडापाव आणि गोड चहा यांवर भागविणाऱ्या स्त्रीचे वजन हा तिच्या चैनीचा पुरावा समजणारे सभ्य लोक डोंबिवलीत काय आणि घोडबंदर रोडवर काय, सारखेच भेटतात.

शिवाय गुडघा केवळ वयाने आणि वजनाने झिजत नाही; वर्षानुवर्षे गुडघ्यावर वा उकिडवे बसून केलेले कामही त्याला कारण होते. जर्मनीने २००९ साली अशा कामातून होणारी गुडघ्याची झीज व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केली आणि आयुष्यभरात किमान १३,००० तासांची अट घातली. रोज दोन तास उकिडवे बसून लाद्या पुसणारी बाई, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर बावीस वर्षांत ही अट पुरी करते. आमच्याकडे २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. गुडघ्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांची राजवट होती, तेव्हा विचारावे कोणाला हा प्रश्न होता. ती सबब आता कार्यकर्त्यांनी स्वतःला देऊ नये. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून किमान दोन दिवस भौतिकोपचारतज्ज्ञ हवा. दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकामगारांना उसंत असते त्या वेळी, वस्तीजवळच्या पालिका शाळेत किंवा समाजमंदिरात व्यायामाचा वर्ग हवा, आणि तेथेच परवडणाऱ्या आहाराचा सल्लाही. उद्यानांत लोखंडी यंत्रे उभारून फीत कापली की आरोग्याचे काम झाले, हा समज नगरसेवकांइतकाच आपल्याही काही मंडळींचा आहे.

घरकामगारांच्या मागणीपत्रकांत पगारवाढ, भरपगारी रजा आणि दिवाळीचा बोनस ठळकपणे असतो. त्यांखाली आणखी एक ओळ यावी: लादी पुसण्यासाठी लांब दांड्याचे पुसणे मालकाने द्यावे. त्याने कोपरे नीट निघत नाहीत, अशी तक्रार येईल. कोपरे मालकांनी स्वतः पुसावेत.