आधीचे कागद आणलेत?

सकाळच्या लोकलने खडवलीहून कल्याणकडे जाताना छातीशी पिशवी धरून बसलेले कुणी ना कुणी दिसतेच. पिशवीत केसपेपर, एक्स-रे, अक्षरे उडत चाललेला ईसीजी. कल्याणला भागले नाही तर उल्हासनगर, मग कळवा, तिथून थेट जे.जे. किंवा केईएम. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच: आधीचे कागद आणलेत?

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, मराठीच्या अभिजात दर्जाला वर्ष झाले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. ९ जूनला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसे पडली आणि गेली. माझ्या मनात मात्र वर्षभर तो खिडकीवरचा प्रश्नच सलत राहिला.

माझ्या वहिनींना पेनिसिलीन चालत नाही. गावच्या डॉक्टरांनी ते फार पूर्वी केसपेपरवर लाल शाईने लिहून दिले होते. या फेब्रुवारीत त्यांना ताप चढला, घाईत पिशवी घरीच राहिली. नेले त्या शहरातल्या दवाखान्यात त्या आधी तीनदा जाऊन आल्या होत्या आणि तिन्ही वेळा हे तोंडी सांगून आल्या होत्या. तिथे संगणक होता. नाव घालताच मागची ४० रुपयांची बाकी पडद्यावर आली. पेनिसिलीनचा उल्लेख कुठेच नव्हता. इंजेक्शन दिले गेले, थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, धाप लागली. वहिनी वाचल्या. पण बिल लक्षात ठेवणारा आणि माणूस विसरणारा संगणक ओपीडीत कशासाठी ठेवायचा, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

संगणक नको, असे मी म्हणत नाही. कागद भिजतो, हरवतो. ४ ऑगस्ट २०१९ ला भातसेच्या पुरातून खडवलीजवळच्या जू-नांदखुरीच्या ५८ जणांना हवाई दलाने हेलिकॉप्टरने उचलून आणले. अशा वेळी केसपेपर कोण शोधत बसेल?

सरकारने २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले, १४ आकडी ‘आभा’ क्रमांक दिले. क्यूआर कोड स्कॅन केला की रांगेत उभे न राहता नोंदणी होते, हे चांगलेच आहे. पण क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. आत डॉक्टरांनी काही टिपलेच नाही, तर त्या क्रमांकामागे काय सापडणार? आणि टिपायचे कुणी? क्षयरोग्यासाठी ‘निक्षय’, गरोदर मातांसाठी आरसीएच, रक्तदाब-मधुमेहासाठी एनसीडी, अशी पोर्टले वेगवेगळी आहेत. सिस्टर आधी रजिस्टर भरतात, मग तेच पुन्हा पोर्टलवर. दारात रांग लागलेली असताना डॉक्टरांनी टंकलेखनही करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. नोंदीसाठी वेगळा माणूस द्या.

नियमही अपुरे आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या आहेत आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या आहेत. जपणुकीची ही मुदत ओपीडीच्या रुग्णाला लागू नाही. आजारी माणूस आधी येतो तो ओपीडीतच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले, तेव्हा तिथलेही काम हाताने चालवावे लागले. म्हणून माझी मागणी साधी आहे. संगणकात नोंद ठेवा, आणि रुग्ण बाहेर पडताना त्याच्या हातात अर्ध्या पानाचा मराठी कागद द्या: आजार काय, औषध कोणते, काय चालत नाही.

यंदाच्या या दिवाळी अंकाचे सूत्र ‘आठवण’ आहे. कथा, कविता, व्यक्तिचित्रे पुढे आहेतच. दवाखान्याची आठवणही मी त्यातच धरतो.

वाचकहो, फराळ झाला की घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक कागद लिहा: रक्तगट, चालू औषधे, न चालणारी औषधे, झालेली ऑपरेशने. त्याचा फोटो दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. वहिनींचा आम्ही मार्चमध्ये लिहिला. तुमचा भाऊबीजेच्या आत लिहून व्हावा, एवढी विनंती.