ज्ञानभाषेची दुरुस्ती

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला. 'मराठी ज्ञानभाषा व्हावी' हा ठराव आमच्या व्यवसायबंधूंना तेव्हापासून अधिकच प्रिय झाला आहे. या ठरावाला आम्ही एक साधी परीक्षा सुचवतो.

लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपला एक्स्टेन्शनांची जोड देता येते. सप्टेंबर २०२३ मधील ४५व्या आवृत्तीने त्यांच्या कोडची जुनी मांडणीच मोडीत काढली; नव्याने जुळवून घेतल्याखेरीज जुनी एक्स्टेन्शने चालेनात. अशा वेळी करायचे ते ठरलेले असते. सगळी एक्स्टेन्शने बंद करावीत, मग एकेक सुरू करून दोषी कोणते ते हेरावे, प्रणालीच्या नोंदींतला त्रुटीचा संदेश वाचावा आणि ते एक्स्टेन्शन आपल्या आवृत्तीसाठी आहे का, हे पाहावे.

यात काळजीपूर्वक वाचन आणि नेमके लेखन यांपलीकडे काय आहे? हा तर आमचाच विषय! ग्नोमच्या मेनूंचे काही अंशी मराठीकरण झाले. पण बिघाड झाला की अहिल्यानगरच्या विद्यार्थ्याला इंग्रजीच गाठावी लागते. 'हे तंत्रज्ञांचे काम' म्हणून आम्ही मराठीचे अध्यापक हात झटकतो. याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत सांगितला, तो कुणी परिभाषा समिती नेमण्याची वाट पाहून नव्हे.

तेव्हा पुढच्या चर्चासत्रापूर्वी प्रत्येक मराठी विभागाने निदान एका बिघाडाची दुरुस्ती मराठीत लिहून दाखवावी. ठराव त्यानंतर खुशाल मांडावा.