दुधाच्या मापापलीकडे

जनावराची प्रत केवळ दुधाच्या मापावरून ठरविण्याची सवय आपल्या देशात फार जुनी नाही. पूर्वीचा शेतकरी बैलाची चाल, गाईचा काटकपणा आणि दुष्काळात तग धरण्याची तिची ताकद पाहून जनावर निवडीत असे. १९७० साली ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली आणि पुढील काळात होल्स्टीन, जर्सी यांसारख्या परदेशी जातींशी देशी गाईंचा संकर सर्वदूर पसरला. या संकराने असंख्य लहान शेतकऱ्यांच्या घरात रोजचा पैसा आणला, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान परदेशी व संकरित गोधन सुमारे २७ टक्क्यांनी वाढले, तर देशी गोधन सुमारे ६ टक्क्यांनी घटले.

परंतु होल्स्टीन ही थंड हवेतील गाय. पारा २५ अंशांच्या बराच पुढे गेला की तिचे खाणे मंदावते, दूध आटते, गाभ धरण्यास अडचण येते. तिच्या संकरित वासरांतही ही नाजूकता कमीअधिक उतरते. पंखे, पाण्याचे फवारे आणि बारमाही हिरवा चारा ज्याला परवडतो, त्याचे निभते. दोन गाईंवर संसार चालविणाऱ्याने काय करावे? उन्हाळे अधिकाधिक तापत असताना पैदाशीचे धोरण ठरविताना हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे.

त्याचे एक उत्तर कच्छच्या बन्नी प्रदेशात आहे. तेथील मालधारी पशुपालकांच्या म्हशी दिवसाचे ऊन टाळून रात्री चरावयास जातात आणि पहाटे दूध काढण्याच्या वेळी आपणहून घरी परततात. खारट जमीन, अपुरे पाणी, होरपळविणारे ऊन अशा परिस्थितीत त्या उत्तम दूध देतात. कोणत्या म्हशीचा रेडा राखावयाचा, याची पारख मालधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. शासनदरबारी मात्र ‘बन्नी’ ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली ती २०१० साली! आता त्या कुरणात वेडी बाभूळ माजली आहे. कुरणच उरले नाही, तर नोंदणीच्या कागदावर म्हैस जगणार नाही.

तथापि, देशी ते सारे चांगले, असा भाबडा अभिमानही उपयोगाचा नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन वायू बाहेर पडतो व तो हवा तापवितो. दिवसाला लिटर-दीड लिटर दूध देणाऱ्या गाईच्या बाबतीत दर लिटरमागे हा वायू अधिक पडतो. म्हणून देशी जातींचेही दूध वाढावयास हवे. पण ते त्याच जातीतील निवडीतून. भारतातून ब्राझीलमध्ये गेलेल्या गीर गाईंच्या दुधाच्या नोंदी तेथील पशुपालकांनी काटेकोरपणे ठेवल्या, उत्तम गाईंचे वळू निवडले आणि उष्ण हवेत भरपूर दूध देणारी गीर घडविली. ज्या मातीतून ती गेली, तेथे असे काम फार उशिरा सुरू झाले.

निवड करण्यासाठी मुळात जात शिल्लक असावी लागते. केरळमध्ये १९६१ च्या कायद्याने परवाना नसलेल्या वळूंचे खच्चीकरण सक्तीचे झाले. जेमतेम तीन फूट उंचीची, थोड्या चाऱ्यावर भागणारी वेचूर गाय त्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली. १९८९ च्या सुमारास प्राध्यापक सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव शोध घेऊन उरलीसुरली जनावरे जमविली, म्हणून ती वाचली. प्रत्येक जातीला असे शोधणारे कोणी भेटेलच असे नाही.

आज गावात कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या सेवकाकडे कोणत्या वळूचे वीर्य आहे, यावरच पुढच्या पिढीचे जनावर ठरते. इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीची डांगी जनावरे टिकून राहतात. तेथील शेतकऱ्याने डांगी वळूचे वीर्य मागितले, तर ते त्याला मिळाले पाहिजे. त्यासाठी नोंदी ठेवलेले डांगी वळू आधी हवेत, आणि ते सांभाळणाऱ्या पशुपालकाला त्याचा मोबदलाही.